आगंतुक बोली: ताबा जाणार की राहणार? (प्रकल्प नोंदी)

२ जून २०२५

सुरुवात. प्रश्न एका ओळीत: कंपनीचे शेअर घेऊन तिचा ताबा मिळवायची, संचालक मंडळाने न मागितलेली बोली आली, तर ती यशस्वी होईल का, हे बोली जाहीर झाली त्याच दिवशी किती खात्रीने सांगता येईल?

निखिलने एक्सेलची शीट उघडून दिली. ओळ म्हणजे एक बोली. रकाने: बोलीचा भाव, आधीचा बाजारभाव, प्रीमियम (बोली बाजारभावाहून किती टक्के वर), रोख की शेअर, प्रवर्तकांचा (कंपनी उभारून चालवणाऱ्या गटाचा) हिस्सा, बोली लावणाऱ्याचा आधीपासूनचा हिस्सा, मंडळाचा विरोध, दुसरा बोलीदार आला का, निकाल. शेवटच्या रकान्यात १ (यशस्वी) किंवा ० (फसली), एवढं सोपं.

(सोपं नाही, हे २२ जूनला कळलं. ही ओळ नंतर घातली आहे.)

५ जून

ठळक प्रकरणं हाताने भरली. पहिला अंदाज सरळ होता: जास्त प्रीमियम द्याल तर भागधारक विकतील. लॉजिस्टिक रिग्रेशन (रकान्यांवरून निकाल १ लागण्याची शक्यता काढणारं गणित) चालवलं तर प्रीमियमचं चिन्ह उलटं आलं, म्हणजे जास्त प्रीमियमला यशाची शक्यता कमी. आधी वाटलं, सूत्रात कुठे उणे राहिलं असेल. तसं काही नव्हतं, ओळीच तशा होत्या.

अमेरिकेत एअर प्रॉडक्ट्सने २०१० मध्ये एअरगॅस या कंपनीवर बोली लावली तेव्हा एअरगॅसचा भाव ४३.५३ डॉलर होता. बोली ६० वरून चढत ७० डॉलरपर्यंत गेली, म्हणजे ६१ टक्के प्रीमियम. निकाल ०. मायक्रोसॉफ्टने १ फेब्रुवारी २००८ ला याहूला ३१ डॉलर देऊ केले, आदल्या दिवशीचा बंद भाव १९.१८. प्रीमियम ६२ टक्के. निकाल ०. उलट एल अँड टीने मार्च २०१९ मध्ये माइंडट्री या आयटी कंपनीसाठी ९८० रुपये जाहीर केले. त्या दिवशीचा बंद भाव ९६२.५०. प्रीमियम पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, आणि निकाल १.

निखिल म्हणाला, "ओळी कमी आहेत, म्हणून." ते खरंच आहे. त्यात मी प्रीमियम मोजते तोही चुकीच्या दिवसापासून. माइंडट्रीच्या विक्रीची कुजबुज जानेवारीपासून बातम्यांत होती, म्हणजे ९६२.५० हा 'अस्पर्श' भाव नव्हेच, त्यात बोलीची हवा आधीच भरलेली होती. कुजबुज सुरू होण्याआधीचा भाव घ्यायला हवा. पण कुजबुज नेमकी कधी सुरू झाली हे ठरवणार कोण?

नवा रकाना: 'हवा लागण्याआधीचा भाव'. हा हातानेच भरावा लागणार.

८ जून

बाजारालाच विचारून पाहू. बोली जाहीर झाल्यावर शेअर ज्या भावाला स्थिरावतो त्यात लोकांचा अंदाज दडलेला असतो. सूत्र जुनंच आहे:

शक्यता = (आत्ताचा भाव − बोली फसली तर पडेल तो भाव) ÷ (बोलीचा भाव − बोली फसली तर पडेल तो भाव)

याहूवर लावलं. घोषणेच्या दिवशी शेअर २८.३८ ला बंद झाला. (२८.३८ − १९.१८) ÷ (३१ − १९.१८) = ०.७८.

मग लक्षात आलं, बोली अर्धी रोख आणि अर्धी शेअरमध्ये होती. एका याहूमागे मायक्रोसॉफ्टचे ०.९५०९ शेअर. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट ३२.६० वरून ३०.४५ वर घसरला. म्हणजे बोली खरी ३१ ची उरलीच नाही, साधारण २९.९८ झाली. छेद लहान झाला आणि शक्यता ०.८५ वर गेली. बाजार ८५ टक्के म्हणत होता आणि ३ मे २००८ ला मायक्रोसॉफ्टने बोली मागे घेतली. तोवर ते ३३ डॉलरपर्यंत आले होते, याहूला ३७ हवे होते.

ब्रायर गुणात (सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल यांतल्या फरकाचा वर्ग) ही एक ओळ ०.७२ चा दंड लावते. डोळे मिटून 'निम्मी निम्मी शक्यता' म्हटलं असतं तर ०.२५ वर सुटलो असतो.

९ जून

कालच्या नोंदीत एक खोट आहे. बोली फसल्यावर याहू १९.१८ ला परतला नाही, ५ मे रोजी २४.३७ ला बंद झाला. हा आकडा तळाचा भाव म्हणून घातला तर शक्यता ०.७१ येते. पण २४.३७ मला फेब्रुवारीत कुठून माहीत असणार? तो वापरणं म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षेला बसणं. सूत्र खोटं नाही. त्यातला एक आकडा मात्र कोणालाच दिसत नसतो, आणि सगळं त्याच्यावर उभं असतं.

१५ जून, रविवार, डोंबिवली

मामांकडे गेले. मामा सरकारी बँकेतून निवृत्त, शेअरबाजारात चाळीसएक वर्षं. लॅपटॉप दाखवला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी रकाने वाचले आणि विचारलं, "यात एलआयसी कुठाय?"

"मामा, एलआयसीचा काय संबंध?"

"अगं, सगळा संबंध तोच. लंडनचे उद्योगपती स्वराज पॉल १९८३ साली शेअर गोळा करत आले तेव्हा एस्कॉर्ट्समध्ये ती चालवणाऱ्या नंदांचा हिस्सा अगदी किरकोळ होता. डीसीएममध्येही घराण्याचं तेच. एस्कॉर्ट्सचे तर अर्ध्याहून जास्त शेअर सरकारी संस्थांकडे. मग भाव किती देऊ केला याला काय अर्थ? संस्था कुणाच्या बाजूला, एवढंच बघायचं."

एस्कॉर्ट्सचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर १९८५ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की एलआयसीसारख्या भागधारकालाही सभा बोलावून संचालक बदलायचा ठराव मांडता येतो आणि त्यामागची कारणं सांगायला तो बांधील नाही. तरीही पॉलना ताबा मिळाला नाही.

मामांचा दुसरा दाखला एल अँड टीचाच. धीरूभाई १९८९ मध्ये अध्यक्ष झाले. सरकार बदललं, संस्थांचं मत फिरलं, १९९० मध्ये त्या खुर्चीवर डी. एन. घोष आले. मग २००१ मध्ये रिलायन्सने आपला दहा टक्क्यांचा हिस्सा ग्रासिमला ३०६.६० रुपयांनी विकला आणि पुढे सिमेंटचा धंदा वेगळा निघून अल्ट्राटेक झाला. "ज्या कंपनीवर सगळ्यांनी डोळा ठेवला तिनेच २०१९ मध्ये माइंडट्रीवर झेप घेतली. घरात दोन चोऱ्या झालेल्या माणसाला कुलपं कळतात," मामा म्हणाले. वाक्य त्यांनी आधीही कुठे वापरलं असणार, फार तयार होतं.

करायचं: 'प्रवर्तकांचा हिस्सा' या एका रकान्याचे तुकडे करायचे. प्रवर्तक, विकायच्या तयारीत असलेला मोठा एकगठ्ठा हिस्सा, सरकारी संस्था, म्युच्युअल फंड, परदेशी फंड, किरकोळ.

१७ जून

माइंडट्री नीट उलगडली. दिवसभर तेवढंच.

भागधारणेचा तिमाही तक्ता पीडीएफमध्ये असतो. एका बाजूला 'प्रवर्तक व प्रवर्तक गट', दुसऱ्या बाजूला 'सार्वजनिक'. चार संस्थापकांचे मिळून १३.३२ टक्के. कॉफीवाले (कॅफे कॉफी डेचे) सिद्धार्थ आणि त्यांच्या कंपन्या मिळून २०.३२ टक्के, आणि हे 'सार्वजनिक' खाली! म्हणजे कंपनी चालवणाऱ्यांपेक्षा न चालवणाऱ्या एकाकडे दीडपट. त्याखाली नालंदा कॅपिटल हा फंड, दहा टक्क्यांच्या वर. कागदावर हा तक्ता अगदी निरुपद्रवी दिसतो. दोन घरं वर-खाली, मध्ये एक रेघ.

१८ मार्च २०१९ ला एल अँड टीने २०.३२ टक्के सिद्धार्थांकडून घेण्याचा करार केला. बाजारातून आणखी १५ टक्क्यांपर्यंत आणि ओपन ऑफरमधून (सगळ्या भागधारकांना ठरल्या भावाने शेअर विकायचं जाहीर आमंत्रण) ३१ टक्के, सगळं ९८० च्या आत, मिळून जवळपास पावणेअकरा हजार कोटी. संस्थापकांपैकी सुब्रतो बागची ओडिशाच्या कौशल्य विकास प्राधिकरणाचं अध्यक्षपद सोडून कंपनी वाचवायला धावत आले. भावना खरी होती, त्याबद्दल शंका नाही. पण भावनेला रकाना कसा द्यायचा?

संस्थापकांकडे हत्यार काय होतं? २० मार्चला मंडळासमोर शेअर परत विकत घेण्याचा, म्हणजे बायबॅकचा विषय आला. निर्णय पुढे ढकलला, २६ तारखेला सोडून दिला. कारण सेबीच्या २०११ च्या नियमांत आहे: ओपन ऑफरचा काळ सुरू झाला की मंडळाचे हात बांधलेले. बायबॅक, नवे शेअर, मोठी मालमत्ता विकणं, काहीही करायचं तर भागधारकांचा विशेष ठराव हवा, म्हणजे तीनचतुर्थांश मतं. २० टक्के ज्याच्याकडे गेले आहेत तोच विरोधात मत देणार असताना ७५ टक्के कुठून आणणार?

पुढे स्वतंत्र संचालकांच्या समितीने बोली रास्त असल्याचं सांगितलं. नालंदाने शेअर दिले. जूनअखेर ऑफर संपली तेव्हा एल अँड टी ६० टक्क्यांवर होती. जुलैत संस्थापक बाहेर पडले.

आता एक अडचण. ही बोली १८ मार्चला 'सुरू' झाली असं शीट म्हणते. पण त्या दिवशी सकाळी, सिद्धार्थांची सही झाली तेव्हाच, खेळ निम्म्याहून अधिक संपला होता. मग मी भाकीत कशाचं करतेय?

१८ जून

एअरगॅस शेजारी ठेवून पाहिली. तिथे, अमेरिकेत, मंडळाला दार लावता येतं. पॉयझन पिल म्हणजे असं कलम, की कुणी ठरावीक टक्क्यांच्या वर गेला तर बाकी सगळ्यांना स्वस्तात नवे शेअर मिळतात आणि घुसणाऱ्याचा हिस्सा पातळ होतो. जोडीला टप्प्याटप्प्याने निवडलं जाणारं मंडळ, दर वर्षी एक तृतीयांशच जागा बदलतात. एअर प्रॉडक्ट्सने सप्टेंबर २०१० मध्ये आपले तीन उमेदवार निवडून आणले. आत गेल्यावर त्या तिघांनीही ७० डॉलर कमीच आहेत असं मत दिलं! फेब्रुवारी २०११ मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाने पिल वैध ठरवली आणि बोली संपली. २०१५ मध्ये एअर लिक्विडने त्याच कंपनीला १४३ डॉलर द्यायचं कबूल केलं.

बेबचुक, कोट्स आणि सुब्रमण्यन यांच्या २००२ च्या अभ्यासात असं टप्प्यांचं भक्कम मंडळ असलेल्या कंपन्यांची स्वतंत्र राहण्याची शक्यता ३४ वरून ६१ टक्क्यांवर गेलेली दिसते. म्हणजे अमेरिकेत 'दार लावता येतं का' हा रकाना प्रीमियमपेक्षा जड. भारतात तो रकाना जवळजवळ सगळीकडे ०, म्हणून निरुपयोगी. दोन देश एका मॉडेलमध्ये कोंबणं बंद. आजपासून दोन वेगळ्या शीट.

२२ जून

एनडीटीव्ही भरायला घेतली आणि निकालाच्या रकान्यावर अडले.

२००९-१० मध्ये प्रवर्तकांच्या आरआरपीआर कंपनीने विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या कंपनीकडून सुमारे ४०४ कोटींचं बिनव्याजी कर्ज घेतलं होतं. बदल्यात वॉरंट, म्हणजे हवं तेव्हा शेअरमध्ये बदलून घेता येईल असा हक्क. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने विश्वप्रधानच विकत घेतली आणि २३ ऑगस्टला वॉरंट वापरून आरआरपीआरचे ९९.५ टक्के मागितले. त्या आरआरपीआरकडे एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के. २५ टक्क्यांची रेषा ओलांडली, म्हणून २६ टक्क्यांची ओपन ऑफर आली. भाव २९४ रुपये, त्या दिवशीचा बाजारभाव ३६६.

८ जूनचं सूत्र इथे लावून पाहा. अंश छेदापेक्षा मोठा, शक्यता १ च्या वर. सूत्राने हात टेकले.

ऑफर डिसेंबरच्या सुरुवातीला संपली. १ कोटी ६७ लाख शेअर मागितले होते, आले ५३ लाखांच्या आसपास, ८.२७ टक्के. ऑफर म्हणून पाहिलं तर निकाल ०. पण हिस्सा साडेसदतीस टक्क्यांच्या जवळ पोचला, संस्थापकांचा त्याहून कमी उरला आणि ३० डिसेंबरला त्यांनी २७.२६ टक्के ३४२.६५ रुपयांनी विकून टाकले. ताबा म्हणून पाहिलं तर निकाल १.

आणि ज्यांनी ते ५३ लाख शेअर २९४ ला दिले होते त्यांना? ऑफरनंतर २६ आठवड्यांत बोलीदाराने जास्त भावाने शेअर घेतले तर फरक द्यावा लागतो, म्हणून नंतर शेअरमागे ४८.६५ रुपये आणखी मिळाले. हे मला माहीत नव्हतं. मामांना होतं.

निकालाचा रकाना फोडला: 'ऑफर भरली का' आणि 'वर्षभरात ताबा गेला का'.

२३ जून

रेलिगेअर. या वित्तसेवा कंपनीवर डाबरच्या बर्मन कुटुंबाची ऑफर सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर, २३५ रुपये, बाजारभाव वर. व्यवस्थापनाचा विरोध, परवानग्या, कोर्ट, अखेरच्या क्षणी तिसऱ्याच बोलीदाराचा प्रयत्न. फेब्रुवारी २०२५ मध्ये ताबा गेला. ऑफरमध्ये शेअर नगण्य आले. पहिल्या रकान्यात ०, दुसऱ्यात १... नाही, दुसऱ्यातही ०, कारण 'वर्षभरात' असं मीच कालच लिहून ठेवलंय आणि लागले सतरा महिने. मुदत दोन वर्षं केली. निकाल माहीत असताना व्याख्या बदलणं हे पाप आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

ट्विटर: १४ एप्रिल २०२२ ला मस्कची ५४.२० डॉलरची आगंतुक बोली, दुसऱ्या दिवशी पिल, २५ एप्रिलला करार, जुलैत बोलीदारालाच पळून जायचं होतं, ऑक्टोबरअखेर कोर्टाच्या धाकाने सौदा पूर्ण. निकाल १, पण ही ओळ मॉडेलला काय शिकवणार? काढून टाकली.

२९ जून

गळती शोधली, म्हणजे पहिल्या दिवशी माहीत नसलेली, पण मॉडेलला आधीच कळलेली माहिती. 'अंतिम भाव' हा रकाना पहिल्या दिवशी नसतो. 'स्वतंत्र संचालकांची शिफारस' शेअर जमा करायचा काळ सुरू होण्याच्या जेमतेम दोन कामकाजाचे दिवस आधी येते. 'दुसरा बोलीदार' आला तर पंधरा कामकाजाच्या दिवसांत येतो. 'किती दिवस चाललं' हा तर निकालाचाच भाऊ. चारही काढले. मॉडेल एका झटक्यात गरीब झालं. काल जे मिरवत होते ते सगळं चोरीचं होतं.

उरलं काय: बोलीदाराचा पहिल्या दिवसाचा हिस्सा (सही झालेला करार धरून), प्रवर्तकांचा हिस्सा, संस्थांचा हिस्सा आणि प्रवर्तकांचे किंवा मोठ्या भागधारकाचे गहाण शेअर.

६ जुलै, आषाढी

मामांकडे खिचडी आणि परीक्षा. भारतातल्या प्रकरणांची नावं लपवून चिठ्ठ्या केल्या. फक्त टक्केवारी, उद्योग आणि दशक लिहिलं. मॉडेल विरुद्ध मामा.

पहिलीच चिठ्ठी: सिमेंट, १९९० चं दशक, प्रवर्तकांपैकी एकाकडे ३२ टक्के. मामा: "राशी सिमेंट. राजूंनी इंडिया सिमेंट्सला विकले. १९९८." दुसरी: कापड, मुंबई, १५ टक्क्यांच्या आत थांबलेला खरेदीदार. "बॉम्बे डाइंग, बजोरिया, सन २०००." तिसरी: मुंबईतलं बांधकाम, बोली २३ रुपयांपासून. "गेस्को. दालमियांनी २३ ने सुरुवात केली, प्रवर्तक शेठ आणि महिंद्रांनी मिळून ५४ ला दालमियांचेच शेअर घेतले. हरला तो पण पैसे करून गेला. याला तू काय धरलंस, शून्य?"

मामा म्हणजे चालतीबोलती गळती. परीक्षा रद्द. गेस्कोसाठी मात्र रकाना नाहीच: ताबा हवा होता की फक्त चढा भाव, हे बोलीदार कधी सांगतो?

एक चिठ्ठी त्यांना ओळखता आली नाही. खतं, २०१० चं दशक, पहिला खरेदीदार २४.४६ टक्क्यांवर. त्यांनी बराच वेळ २४.४६ कडे पाहिलं. "२५ च्या खाली मुद्दाम थांबलाय. म्हणजे पूर्ण पैसा आत्ता घालायचा नाहीये, किंवा समोरच्या प्रवर्तकाची खात्री नाहीये. दुसरा कोणी प्रवर्तकाशी हातमिळवणी करेल. मी शून्य म्हणतो."

ती मंगलोर केमिकल्स. पुण्याच्या दीपक फर्टिलायझर्सच्या उपकंपनीने जुलै २०१३ मध्ये २४.४६ टक्के घेतले. गोव्याच्या झुआरीने प्रवर्तक यूबी समूहाशी जुळवून स्पर्धेची ऑफर आणली आणि ताबा झुआरीकडे गेला. पुणेकरांना वर स्पर्धा आयोगाला आधी न कळवल्याबद्दल २ कोटींचा दंड, तो २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. मॉडेलने इथे १ कडे झुकतं माप दिलं होतं, कारण त्याला फक्त हिस्सा मोठा दिसला. समोरचा प्रवर्तक तिसऱ्याला घरात घेऊ शकतो, हे टक्क्यांत लिहिलेलं नसतं.

९ जुलै

प्रकल्पाचा प्रश्न बदलला. 'बोली यशस्वी होईल का' भारतीय शीटमधून काढला. त्याऐवजी: कोणत्या कंपनीत प्रवर्तकांपेक्षा मोठा हिस्सा अशा एका हातात आहे ज्याला पैशाची निकड आहे? हे बोलीच्या आधी दिसतं. तिमाही तक्ता, गहाण शेअरच्या घोषणा, जुन्या कर्जकरारातले वॉरंट. एनडीटीव्हीचं कर्ज बोलीआधी बारा वर्षं कागदावर होतं.

निखिल तक्त्यांच्या पीडीएफ वाचणारी स्क्रिप्ट लिहितोय. निम्म्या पीडीएफ स्कॅन केलेल्या, तिरक्या.

१२ जुलै

मामांचा फोन. त्यांच्याकडे एका लहान रसायन कंपनीचे शेअर आहेत, ओपन ऑफरचं पत्र आलंय. "तुझं ते मॉडेल काय म्हणतं?"

तक्ता उघडला. बोलीदाराकडे करारासकट तीसच्या वर, प्रवर्तक नऊवर, त्यातले निम्मे गहाण. म्हटलं, "मामा, ताबा जाणार."

"मग फॉर्म भरू?"

ऑफरचा भाव बाजारभावाच्या बारा रुपये खाली होता. म्हटलं, "नको. फॉर्म ठेवा तसाच, विकायचेच असतील तर बाजारात विका."

"अगं, पण तूच म्हणालीस ना बोली जिंकणार?"

"बोली जिंकणारच आहे. पण ऑफर पूर्ण भरणार नाही."

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग, "वहीत लिही हे," आणि फोन ठेवला.

नवी ओळ घातली. 'ऑफर भरली का': ०.१. 'दोन वर्षांत ताबा गेला का': ०.९. तारीख टाकून शीट कुलूपबंद केली, म्हणजे निकाल लागल्यावर मला यात हात घालता येणार नाही. पासवर्ड निखिलकडे.